आधी ब्रेक, मग वेग

पावसाळा सरतो, पहाटे थोडा गारवा जाणवू लागतो आणि व्यायामाचे संकल्प सुटायला लागतात. याच दिवसांत अनेकांना आपली जुनी रेसिंग सायकल आठवते. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, अंगाने हलकी अशी ती सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली धूळ खात उभी असते. कुणी ती कॉलेजात असताना शर्यतीच्या हौसेने घेतलेली असते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अवघड शर्यत पूर्ण केली, त्या उत्साहात कुणी घेतलेली असते. २०२०च्या टाळेबंदीत जिम बंद होत्या म्हणूनही बऱ्याच जणांनी ती घेतली. कारण कोणतेही असो, चार-सहा महिन्यांत हवा गेली, मग चेन गंजली, आणि सायकलवर जुन्या गाद्या नि कुंड्या येऊन बसल्या.

या सायकली पुन्हा रस्त्यावर याव्यात असे मला डॉक्टर म्हणून मनापासून वाटते. पण त्या ज्या घाईने रस्त्यावर येतात, ती काळजीत टाकणारी आहे. हवा भरली, चेनवर तेल सोडले की सायकल तयार झाली, हा पहिला गैरसमज. आणि सायकल तयार झाली म्हणजे आपणही तयार झालो, हा दुसरा. पहिला गैरसमज माणसाला कॅज्युअल्टीत आणतो आणि दुसरा हृदयरोग विभागात. तिथून परतलेला माणूस सहसा पुन्हा सायकलकडे वळत नाही. व्यायामाची एक चांगली वाट त्याच्यापुरती कायमची बंद होते. म्हणून दुरुस्ती यंत्राची आणि शरीराची, दोन्हींची हवी. आणि दोन्हींकडे क्रम एकच, आधी थांबण्याची सोय, मग पळण्याची.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. त्यात गोळ्या लिहून झाल्या की ‘रोज व्यायाम करा’ हे वाक्य उरकले जाते. जिमचे शुल्क अनेकांना परवडत नाही. चालायला सांगावे तर गुडघे दुखतात. सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते, त्यामुळे गुडघ्यावर चालण्या-धावण्यापेक्षा कमी भार येतो. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्याच्या घरात सायकल पडून आहे, त्याच्याकडे हे साधन आधीच आहे.

ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांचा अभ्यास २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये, गाडी किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत, पुढील पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात अशा अभ्यासातून कार्यकारण पूर्णपणे सिद्ध होत नाही. मुळात धडधाकट माणसेच सायकल चालवत असतील, हीही शक्यता असते. तरीही वय, धूम्रपान, आहार वगैरे गोष्टींचा हिशेब घेऊन उरलेला फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

‘आता वय झाले’ म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या डॅलस शहरातला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता झपाट्याने घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. त्यांचे सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी घटवली, त्यापेक्षा जास्त ती तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटली होती! मग त्यांना सहा महिने बेताबेताने चालणे, हळू धावणे आणि जागेवरची सायकल असा व्यायाम दिला. वयाने घटलेली क्षमता भरून निघाली. विशीत प्रशिक्षणानंतर गाठलेली सर्वोच्च पातळी मात्र एकालाही पुन्हा गाठता आली नाही. माणसे पाचच होती, त्यामुळे निष्कर्ष ताणू नये. पण बैठेपणाचा गंज उतरवता येतो, आणि तो उतरायला रविवारची एक सकाळ नव्हे, महिने लागतात, एवढे त्यातून नक्की दिसते.

आता आधी सायकलकडे पाहू. पाण्याने न्हाऊ घालण्याआधी ती कोरड्या फडक्याने पुसून उजेडात नीट न्याहाळा. सांगाड्याच्या नळ्या जिथे जोडल्या आहेत, विशेषतः हँडलखाली आणि पायडलच्या धुरीभोवती, तिथे रंगाला फोड आले आहेत का, बारीक भेग दिसते का, हे बोट फिरवून तपासा. पुढचा चिमटा वाकलेला नाही ना, ते बाजूने पाहा. वरवरचा गंज घासून काढता येतो. नळीला भेग असेल तर ती सायकल चालवायची नाही. सांगाडा कार्बनचा असेल तर साधा दिसणारा ओरखडाही जाणकाराला दाखवावा, कारण कार्बन लोखंडासारखा आधी वाकत नाही, एकदम तुटतो.

मग ब्रेक. वर्षानुवर्षे उभ्या सायकलीत ब्रेकचे रबर कडक आणि गुळगुळीत होते. ते दिसायला शाबूत असते, पण रिमला धरत नाही. केबलच्या बारीक तारा आवरणाच्या आत गंजतात आणि नेमक्या जोरात दाबल्यावर तुटतात. म्हणून रबर आणि केबल दोन्ही, चांगले दिसत असले तरी, बदलून टाकावेत. हा खर्च किरकोळ आहे. त्यानंतर सायकलवर न बसता दोन परीक्षा घ्या. ब्रेक पूर्ण जोराने आवळल्यावर त्याची दांडी हँडलला टेकता कामा नये. आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली तर मागचे चाक उचलले गेले पाहिजे. सायकल थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो, हे अनेकांना ठाऊक नसते. जुन्या सायकलींचे रिम लोखंडी आणि क्रोमचा मुलामा दिलेले असतात. ते ओले झाले की ब्रेक लागायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागते. अशी सायकल पावसात न काढणेच शहाणपणाचे.

टायरचा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे. हवेतला प्राणवायू, ओझोन आणि ऊन यांनी रबर हळूहळू कडक होते, तडकते. हवा नसलेल्या टायरवर सायकलचे वजन एकाच जागी पडून राहते आणि तिथली घडी आधी फाटते. टायरच्या कडेवर बारीक भेगांचे जाळे दिसले किंवा आतले धागे डोकावले, तर नक्षी कितीही नवी असली तरी तो टायर बाद समजावा. बारीक टायरमध्ये हवेचा दाब जास्त असतो. उतारावर तो फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

नवा टायर घेताना मापात फसगत होते. जुन्या रेसिंग सायकलींना बहुधा २७ इंची चाक असे. आजच्या रोड बाइकला ‘७००सी’ माप असते. दोन्ही नुसत्या डोळ्यांना सारखेच वाटतात, पण रिमच्या व्यासात ८ मिलिमीटरचा फरक आहे. म्हणून टायरच्या कडेवर उठवलेला तीन आकडी अंक वाचावा. २७ इंचासाठी तो ६३० असतो, ७००सीसाठी ६२२, तर २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश या आपल्याकडच्या परिचित मापासाठी ५९०. हवा किती भरायची तेही कडेवरच लिहिलेले असते, अंदाजाने भरू नये. जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असेल आणि हवा टिकत नसेल, तर ट्यूब फेकण्याआधी व्हॉल्व्हवरची छोटी रबरी नळी बदलून पाहावी. अनेकदा दोष तेवढाच असतो.

चाक उचलून फिरवा. ते डावी-उजवीकडे झोकांड्या खात असेल तर मेकॅनिककडून ‘आउट’ काढून घ्यावा. रिम धरून आडवे हलवल्यावर खटखट जाणवली, तर हबमधले छर्रे झिजले आहेत किंवा कोन सैल झाला आहे. जुने ग्रीस वर्षांनी मेणासारखे घट्ट होते. हब, पायडलची धुरी आणि हँडलची बेअरिंग्ज उघडून, साफ करून, नवे ग्रीस भरून घ्यायला हवे. बाहेरून तेलाचे चार थेंब सोडून हे काम होत नाही. तेल चेनला, ग्रीस छर्ऱ्यांना आणि रिमला दोन्हींतले काहीही नाही, एवढे लक्षात ठेवावे.

चेनची झीज साध्या फूटपट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरले तर बरोबर बारा इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य यायला हवा. ती पिन अर्धा सूत, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, पुढे सरकली असेल तर चेन बदला. पूर्ण सूतभर सरकली असेल तर तिने फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेले असण्याचा संभव मोठा. घरी पायडल काढणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीप्रमाणे फिरवत जोर लावला तर ते अधिकच आवळते आणि शेवटी आटे मरतात. टायर-ट्यूब, केबल, ब्रेकचे रबर, चेन आणि ग्रीसिंग हा सगळा खर्च धरला तरी तो नव्या रोड बाइकच्या किमतीचा लहानसा भाग असतो.

गंजक्या सायकलीशी झटापट करताना हाताला खरचटतेच. ‘गंजलेले लागले, आता धनुर्वात होणार’ ही भीती सर्वत्र आहे. वस्तुस्थिती अशी, की धनुर्वात गंजाने होत नाही; मातीत आणि शेणात असलेल्या जंतूंच्या बीजाणूंनी होतो. स्वच्छ चकचकीत खिळ्यावर माती असेल तर तोही तितकाच धोक्याचा. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. धनुर्वाताच्या लसीचा शेवटचा डोस घेऊन दहा वर्षे झाली असतील, किंवा जखम खोल व मातकट असून पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा डोस घ्यावा. लहानपणी लस घेतली की नाही हेच ठाऊक नसेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. ही लस सरकारी दवाखान्यात मिळते.

आता सायकलस्वार. चाळिशी ओलांडलेल्या, अनेक वर्षे बैठे काम केलेल्या माणसाने सुरुवात करण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. रक्तदाब १८०/११०च्या वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबावे. जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होणे, नेहमीपेक्षा जास्त दम लागणे, चक्कर येणे, पूर्वी हृदयविकार झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलवर बसू नये.

गोळ्यांचाही विचार करावा लागतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने अचानक उतरू शकते. निघताना साखर १००च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघावे, आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर ठेवावी. घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे दिसताच उतरून ती तोंडात टाकावी. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी चपलेवर सायकल चालवू नये. घरी आल्यावर तळवे पाहावेत. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी श्रम करूनही फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर त्यांनी विसंबू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला मार लागल्यास, बरे वाटत असले तरी, लगेच रुग्णालय गाठावे.

सायकल आपल्या मापाची करून घेणे हाही उपचारच. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा जेमतेम सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. विशीतली वाकलेली बैठक पन्नाशीतल्या मानेला आणि पोटाला मानवत नाही. हँडल थोडे वर घ्यावे, पण त्याच्या दांडीवर कोरलेल्या मर्यादेच्या खुणेपेक्षा वर कधीही नाही. करंगळीला मुंग्या येऊ लागल्या तर तळव्यातली नस दाबली जाते आहे. हातांची जागा बदलत राहावे.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरमध्ये १५-२० मिनिटे पुरेत. सायकल चालवताना सलग बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्रम योग्य. पुढे दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवत दोन-तीन महिन्यांत १५० मिनिटांपर्यंत यावे. पहिल्याच रविवारी मित्रांबरोबर घाट चढायला निघणे म्हणजे उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग. आणि मग दुखतोही गुडघाच. एक उणीवही सांगायला हवी. वजन सीटवर असल्याने सायकलने हाडे फारशी बळकट होत नाहीत, म्हणून चालणे आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम चालूच ठेवावा. हेल्मेट घालावे, पण सायकलबरोबर पडून राहिलेले, आतला फोम तडकलेले नव्हे. पुढे-मागे दिवा असावा. ओढणी आणि सैल पायजमा यांची चेनशी गाठ पडू देऊ नये.

मात्र सगळी जबाबदारी सायकलस्वारावर टाकून भागणार नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. अशा रस्त्यांवर लोकांना सायकल काढायला सांगताना डॉक्टरचीही जीभ अडखळते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. पण आराखडा कागदावर असून चालत नाही. सायकलमार्गावर गाड्या, टपऱ्या आणि राडारोडा असेल तर सायकलस्वार शेवटी ट्रकच्या शेजारीच येतो. मोठ्या योजना व्हायच्या तेव्हा होवोत, काही छोटी कामे या महिन्यातही करता येतील. पावसाळी गटारांवरच्या ज्या जाळ्यांच्या फटी रस्त्याला समांतर आहेत, त्यांत बारीक टायर सरळ उतरतो आणि स्वार डोक्यावर आपटतो. त्या जाळ्या आडव्या फिरवून बसवणे हे एका वॉर्ड कार्यालयाच्या आवाक्यातले काम आहे. सरकारी कार्यालयांत, शाळांत आणि आमच्या रुग्णालयांतही सायकलला कुलूप लावून ठेवण्यापुरती सावलीची जागा करता येईल.

आणि कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला टिकवायला हवा. आउट काढणे, छर्रे बसवणे ही हातातली विद्या आहे. ती शिकणारी मुले कमी होत चालली आहेत. गृहसंस्थांनी पावसाळ्यानंतर एक दिवस अशा कारागिराला आवारात बोलावले आणि पडून असलेल्या सगळ्या सायकली त्याच्यापुढे उभ्या केल्या, तर त्याला काम मिळेल आणि सोसायटीला तिच्या सायकली परत मिळतील. ज्या कुणाला नको असतील, त्या सुरक्षाकर्मीच्या किंवा घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांना शाळेसाठी देता येतील.

तेव्हा येत्या रविवारी सायकल खाली उतरवा, पण चालवू नका. पहिला रविवार फक्त पुसण्याचा आणि पाहण्याचा. दुसरा मेकॅनिककडे नेण्याचा. त्याच आठवड्यात रक्तदाब आणि साखर तपासा. तिसऱ्या रविवारी सीट नि हँडल जुळवून आवारात चार फेऱ्या मारा आणि ब्रेकची परीक्षा घ्या. चौथ्या रविवारी सकाळी, वर्दळ सुरू होण्याआधी, पंधरा मिनिटे रस्त्यावर निघा. इतकी वर्षे थांबलेल्या सायकलीला आणखी तीन आठवड्यांनी काही फरक पडत नाही.